नाव न ठेवणाऱ्या आत्या

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ती वाकते, पाळण्यात तोंड घालून 'कुर्रर्र' करते, आणि मागे टपून बसलेल्या बायका तेवढ्यात तिच्या पाठीत धपाटे घालून घेतात. नाव ठेवणाऱ्याने मार खायचा, असा हा शहाणा रिवाज आहे. पुढे जन्मभर आपण एकमेकांना नावं ठेवतो तेव्हा मात्र तो कुणी पाळत नाही. पाळला असता तर निम्म्या रत्नागिरीला पालथं झोपावं लागलं असतं, आणि त्यात मी आधी.

आमच्या गावात मुलांच्या मनाच्या एक डॉक्टर होत्या. त्यांना सगळे 'आत्या' म्हणत, कारण त्या नाव ठेवत नसत. पोराला पुढे ढकलून कुणी बाप म्हणाला, "डॉक्टर, ह्याला नक्की काय झालंय ते एकदा सांगून टाका," की त्या चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "मी काय त्याची आत्या आहे नाव ठेवायला? बारशाला बोलावलं नाहीत, आता बरी आठवण झाली!" आणि मग त्यांचा तो शब्द यायचा. "थांबूया जरा." पहिल्या भेटीत थांबूया, दुसऱ्या भेटीत थांबूया. त्यांना चहा दिला तरी तो निवेपर्यंत थांबायच्या.

आमच्या घरात मात्र त्यांनी एकदा नाव ठेवलं. अगदी रीतसर, कानात. त्याचा धपाटा तेवढा त्यांना मिळायचा राहिला. इतकी वर्षं झाली, तरी बारशाच्या घरात बायका हसायला लागल्या की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर अंगणात जातो.

मी औषधाच्या कंपनीचा प्रतिनिधी. १९९८ साली नोकरीला लागलो तेव्हा कंपनीने एक बॅग, एक टाय आणि एक प्लॅस्टिकचा मेंदू दिला होता. रत्नागिरीच्या मे महिन्यात टाय घालून हिंडणारा माणूस पाहिला की लोक आधी त्याच्या मेंदूची चौकशी करतात. त्यात आमचं गाव असं, की उरलेल्या कोकणात कुणी विचित्र वागला तर म्हणतात, 'ह्याला रत्नागिरीला न्यायला हवा.' वेड्यांचं इस्पितळ इथलं, म्हणून. आम्ही रत्नागिरीतच जन्मलेले. आम्हाला आणखी कुठे नेणार?

आत्यांचा दवाखाना चढावरच्या एका कौलारू घराच्या पुढच्या दोन खोल्यांत होता. बाहेर चिऱ्याच्या पायऱ्या, आत एक लांब बाक, आणि दाराशी शांताराम कंपाउंडर. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "बसा वाईच. आज पोरं बरीच हायत." मी बसलो, आणि रिकामा वेळ सत्कारणी लावावा म्हणून मेंदू उघडून जोडायचा सराव करू लागलो. तो हातातून सुटला. पुढचा मेंदू, मागचा मेंदू, लहान मेंदू, सगळे बाकाखाली घरंगळले आणि दवाखान्यातली यच्चयावत पोरं त्यांच्यामागे धावली. आत्या दार उघडून बघत राहिल्या. पोरांनी तुकडे आणून दिले, पण एक काही सापडला नाही.

"कुठला हरवला?" आत्यांनी विचारलं.

मी कागदावर बघून सांगितलं, "स्मरणशक्तीचा असावा."

"असावा म्हणजे? तुम्हालाच आठवत नाही ना? मग तुमचाच तो." तेव्हापासून माझं नाव 'मेंदूवाले' पडलं. बघा, मला मात्र त्यांनी लगेच नाव ठेवलं.

त्यांचं थांबणं म्हणजे आळस नव्हे, हे मला कळलं ते राजिवड्यावरच्या एका पोरामुळे. दहा वर्षांचा असेल. त्याच्या दादांनी, म्हणजे आजोबांनी, आणला होता. शाळेने सांगितलं होतं, पोराला आवाज ऐकू येतात, कुणी नसताना बोलतो. आजोबा बाकावर बसून रडायच्या बेताला आले होते. मी शेजारीच होतो, आणि माझ्या बॅगेत नेमकी आवाज बंद करायची गोळी होती. देवानेच मला तिथे बसवलंय असं वाटून मी नमुन्याची पाकिटं वर काढून ठेवली.

आत्यांनी पोराला विचारलं, "कुणाचा आवाज येतो रे?"

"अब्बाचा."

"अब्बा कुठे असतात?"

"कुवेतला."

"काय म्हणतात?"

"आंबे उतरवले काय, दादांचा गुडघा कसा हाय, अभ्यास कर."

गोळी देण्याजोगं यातलं एकही वाक्य नव्हतं. आत्या म्हणाल्या, "थांबूया." मग दोन-तीन भेटींनंतर निघालं ते असं, की बाप पत्राऐवजी कॅसेटी भरून पाठवायचा. पोरगा त्या टेपवर लावायचा आणि बाप मध्ये श्वास घ्यायला थांबला की तेवढ्यात उत्तर द्यायचा. इतकं पाठ झालं होतं की शाळेतसुद्धा मधल्या सुट्टीत बसून तो उत्तरं देई. आत्यांनी औषध दिलं नाही. म्हणाल्या, "एक कोरी कॅसेट आणा आणि ह्याची उत्तरं भरून बापाला पाठवा. एकट्याने किती दिवस बोलायचं पोराने?" मी पाकिटं परत बॅगेत घातली. आजोबांनी जाताना त्यांच्याबरोबर मलाही दुवा दिला. तो मी कशाबद्दल घेतला, अजून समजलेलं नाही.

आणि मग दोन हजार सालाच्या आसपास दवाखान्याचा बाक पुरेना. आधी तिथे यायची ती फिट येणारी, अंथरुणात शू करणारी, अचानक मुकी झालेली पोरं, आणि तीही संध्याकाळी, मागच्या वाटेने. आता शाळेच्या गणवेशात, भरदिवसा येऊ लागली. 'एकाग्रता नाही', 'जागेवर बसत नाही', 'उलट बोलतो'. रविवारच्या पुरवण्यांत मुलांच्या मनाचे लेख येऊ लागले होते आणि आई कात्रण पर्समध्ये घालूनच यायची. आत्या म्हणायच्या, "पूर्वी आई-बाप रोग लपवून आणायचे, आता शोधून आणतात. दोन्हीत पोर मागेच राहतं."

या गर्दीत भर घालायला अर्थात मी होतोच. कंपनीने एक कार्ड काढलं होतं. त्यावर प्रश्न छापलेले. तुमचा मुलगा वस्तू हरवतो का, मध्येच बोलतो का, सांगितलेलं विसरतो का. पुरेशा चौकटींत खुणा झाल्या की खाली लिहिलेलं, 'आजच डॉक्टरांना भेटा', आणि त्याखाली आमच्या गोळीचं नाव. मी आत्यांना न विचारता त्याचा गठ्ठा बाकावर ठेवून आलो. पुढच्या सोमवारी बाकावरची झाडून सगळी पोरं कार्डात बसली. शांतारामनेसुद्धा एक भरलं होतं. "कुणासाठी?" मी विचारलं. "पाड्यासाठी," तो म्हणाला. "बांधल्या जाग्यावर ऱ्हात नाय, हाकेला वळत नाय. पास झाला."

आत्यांनी मला आत बोलावलं. मला वाटलं, आता कार्डं फेकतील. त्यांनी ती नीट जुळवून माझ्यापुढे ठेवली. "मेंदूवाले, कार्ड खोटं नाही हो. यातली दोन मुलं खरंच हैराण आहेत. पालीचा तो मुलगा, त्याची आई रोज त्याला मारून स्वतः रडते. त्याला मी नाव सांगणार आहे, गोळीही देणार आहे, लागलीच तर तुमचीच. पण त्याला सहा वेळा बघितलाय मी. त्याच्या मास्तरांशी बोलल्ये. कार्डाने दार वाजवायचं असतं. तुम्ही त्यालाच घरात घेऊन पाटावर बसवलंत."

मी मान डोलावली, घरी आलो आणि स्वतःच्या मुलाचं कार्ड भरलं.

आमचा ओंकार तेव्हा आठ वर्षांचा होता. शाळेत जाताना एक चप्पल घालून जायचा आणि येताना तीही नसायची. बाईंनी वहीत शेरा लिहिला होता. मी जेवणाच्या पाटावर कार्ड घेऊन बसलो आणि एकेक प्रश्न मोठ्याने वाचून बायकोला विचारू लागलो. खुणा भराभर वाढत गेल्या. मी विजयी आवाजात म्हणालो, "बघ, ह्याला लागलंय हे! काहीतरी लागलंय ह्याला!" ओंकार भाताचे डोंगर करत होता. त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी सायली पाटावर बसून मुकाट्याने ऐकत होती.

आत्यांनी कार्ड वाचलं, माझ्याकडे बघितलं, ओंकारकडे बघितलं. "वस्तू हरवतो. मध्येच बोलतो. सांगितलेलं विसरतो. हे तुम्ही कुणाचं भरलंय?"

"ओंकारचं."

"बरं. मला वाटलं, आत्मचरित्र."

"पण आत्या, नाव काय ह्याला?"

"आठ वर्षं," त्या म्हणाल्या. "नवव्या वर्षी परत बघू. तोवर दर पंधरा दिवसांनी घेऊन या, आणि रविवारी त्याला भाट्याच्या पुळणीवर न्या. तुम्ही बोलायचं नाही, नुसतं बसायचं."

गेलो. तिथे हा पोरगा खेकड्याच्या बिळापुढे उकिडवा बसला तो ऊन डोक्यावर येईपर्यंत हलला नाही. मीच मध्ये आठ वेळा उठून शहाळंवाल्याकडे जाऊन आलो. आत्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे बसता येतं त्याला. कशापुढे, ते आपल्याला शोधायचं." हळूहळू सापडतही गेलं. ओंकारचं नाव ओंकारच राहिलं.

या पंधरवड्याच्या वाऱ्यांना सायली नेहमी बरोबर यायची. कुणी तिला ये म्हणत नव्हतं. दप्तर पाठीला, भावाची पाण्याची बाटली गळ्यात, बाकाच्या टोकाला बसून गृहपाठ. निघताना आत्या प्रत्येक पोराच्या हातावर आंबावडी नाहीतर फणसपोळीचा तुकडा ठेवत. ओंकार तो मिटक्या मारत खाई. सायली पांढरा रुमाल पसरून त्यात घेई, घडी घाली, "थँक्यू आत्या" म्हणे. "वळण आहे हो पोरीला," आत्या म्हणायच्या. बाकावरच्या आया आपापल्या पोरांना कोपराने ढोसायच्या, "बघ, शिक जरा."

घरीही तेच. सायली शाळेतून आली की आधी हात धुई. मग दप्तराला हात लागला म्हणून धुई. मग नळाला लागला म्हणून धुई. आमच्याकडे हे कौतुकात जमा होतं. पाहुणे आले की बायको सांगायची, "आमच्या सायलीला सांगावं लागत नाही हो. हात धुतल्याशिवाय पुस्तकाला शिवणार नाही." आणि मी पुढे जोडायचो, "नाहीतर आमचे चिरंजीव, आंघोळीचं पाणी बघून पळतात." पाहुणे हसत. दंगा करणाऱ्या पोरामागे आम्ही दोन वर्षं दवाखान्याच्या पायऱ्या चढलो. आणि गप्प बसणारी पोर आमच्याबरोबर तेवढ्याच पायऱ्या चढत होती.

श्रावणातली दुपार होती. ओंकारची तपासणी कसली, नुसत्या गप्पा झाल्या आणि आत्यांनी फणसपोळीचा डबा उघडला. सायलीने रुमाल काढला तो पावसात भिजून चिंब. ती तशीच उभी राहिली. आत्यांनी तुकडा पुढे धरला. ती हात पुढे करीना.

"घे गो हातात. हात का जड झाला?"

सायलीने हात पुढे केला. बोटांची पेरं पांढरी पडून फाटली होती, आणि सांध्यांवर रक्ताच्या बारीक रेघा होत्या. आत्यांनी डबा खाली ठेवला. चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला. त्यांना असं गडबडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"मेंदूवाले, ओंकारला घेऊन बाहेर बसा."

आम्ही बाहेर बसलो. शांतारामने उरलेल्या लोकांना उद्या यायला सांगितलं. बऱ्याच वेळाने मला आत बोलावलं तेव्हा सायली खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि आत्या तिच्यासमोर खाली, चक्क जमिनीवर.

"ती दर खेपेला का येते तुमच्याबरोबर, ठाऊक आहे?" आत्यांनी विचारलं. "ओंकारला जे 'लागलंय' ते तिच्या हातांचं लागलंय, असं तिला वाटतं. तिने त्याला एकदा न धुतलेल्या हाताने भरवलं होतं. तो बरा होतोय का, ते बघायला ती येते."

मला ते कार्ड आठवलं, आणि माझा तो विजयी आवाज. मी म्हणालो, "म्हणजे माझ्यामुळे—"

"नाही. आजार तुमच्यामुळे नाही. तो येणारच होता. तुम्ही त्याला बसायला पाट दिलात एवढंच. मीही दिलाच की. दोन वर्षं ही माझ्यासमोर रुमालात वडी घेत होती आणि मी वळण, वळण म्हणत होते."

मग त्या सायलीकडे वळल्या. "आता मी नाव ठेवणार आहे."

मी घाबरलो. ज्या बाईने राजिवड्याच्या पोराला ठेवलं नाही, ओंकारला ठेवलं नाही, ती माझ्या शहाण्या मुलीला पहिल्याच दिवशी नाव ठेवणार? मला शाळा दिसली, शेजार दिसला, पुढे बघायला येणारी माणसं दिसली. माणूस घाबरला की मूर्खपणा किती सहज बोलतो बघा. मी म्हणालो, "आत्या, पण कार्डात असं काही नाही."

"कार्ड दंगा करणाऱ्यांचं होतं हो. गप्प बसणाऱ्यांचं अजून कुणी छापलं नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मी भिंतीला टेकलो. "आणि तुम्ही कशाला भ्यालात ते कळतंय मला. नावं दोन तऱ्हेची असतात. पाठीमागे बोलायला ठेवतात ते एक, आणि हाक मारायला ठेवतात ते एक. ज्या नावाला मूल ओ देतं, ते ठेवावं. तिथे थांबलं तर पाप लागतं."

त्या गुडघ्यांवर उठल्या, सायलीच्या कानाशी वाकल्या. खरोखरच 'कुर्रर्र' केलं. पोर दचकली, मग हसली. "मंत्रचळ," त्या कानात म्हणाल्या, पण मला ऐकू आलं. "हे आजाराचं नाव हां. सायलीचं नाव सायलीच. हात धू, परत धू, म्हणून आतून सांगतो ना, तो हा. तू नव्हेस."

हा शब्द आमच्या घरात माहीत होता. पलीकडच्या आळीतल्या एका काकूंना आम्ही हसत हसत मंत्रचळी म्हणत असू. पाठीमागे.

सायलीने विचारलं, "म्हणजे हे आणखी कुणाला होतं?"

"पुष्कळांना. तुझ्याएवढ्या मुलींना, माझ्याएवढ्या बायांना. जुनं आहे ते, म्हणून तर मराठीत नाव आहे त्याला."

आणि सायली रडली. दोन वर्षांत आमच्यासमोर ती रडली नव्हती. मी ओंकारचंच रडणं ऐकत होतो, त्याला आवाज होता.

रडून झाल्यावर आत्यांनी तिच्याकडे पाठ केली आणि वाकल्या. "चल, घाल धपाटा. नाव ठेवणाऱ्या आत्याला सोडायचं नसतं."

सायलीने हात उचलला. तो त्यांच्या पाठीपासून वीतभर अंतरावर थांबला. मग तिने तो काखेत लपवला.

"राहू दे," आत्या वळून न बघता म्हणाल्या. "थांबूया."

त्या दिवसापासून तो शब्द आमच्या घरात वेगळ्याच कामाला लागला. दवाखान्याच्या चिऱ्याच्या पायरीवर सायलीने तळहात टेकायचा. लाल माती लागायची. मग हात न धुता थांबायचं, शेजारी आत्या. "काय वाटतंय?" "मरेल कुणीतरी असं वाटतंय." "बरं. थांबूया." दोघी पायरीवर बसून राहायच्या, आणि आतली माणसं खोळंबायची. लाट चढते तशी उतरतेही, हे त्या सांगत नसत, तिला बघू देत. गोळीही सुरू केली. ती नेमकी आमच्या कंपनीची नव्हती. माझ्या मुलीसाठी दर महिन्याला मी प्रतिस्पर्ध्याचा माल विकत घेतला, आणि दुकानदाराने एकदा तोंड वर करून विचारलंच, "काय साहेब, नोकरी बदललीत?"

मदत करायच्या उत्साहात मी एकदा घरातले सगळे साबण लपवले. सायलीने भांड्याच्या पावडरीने हात धुतले. आत्यांनी मला इतकं फैलावर घेतलं की शांताराम दार लोटून घेऊन उभा राहिला. "नळाशी भांडायला तुम्हाला कुणी सांगितलं? तिच्याजवळ उभं राहायला सांगितलं होतं!"

ती बरी होत गेली, पण पुढे दोन पावलं, मागे एक. वह्यांना हात लावू लागली, दाराच्या कडीला लावू लागली. माणसांना मात्र नाही. भावाला राखी बांधायची ती टोकांना धरून, त्याच्या मनगटाला बोट न लागू देता. आणि दर खेपेला दवाखान्यातून निघताना आत्या नुसती पाठ वाकवून दाखवायच्या, सायली मान हलवायची, आणि दोघी हसायच्या.

बदलल्या त्या आत्या. शांतारामला त्यांनी नवा नियम घालून दिला होता. मुलाबरोबर आलेलं भावंड बाकावर ठेवायचं नाही, त्यालाही आत पाठवायचं. गावातल्या डॉक्टरांची एक सभा आमच्या कंपनीने भरवली होती. म्हणजे समोसे आमचे आणि व्याख्यान त्यांचं. मागे मी पडदा लावला होता, त्यावर डोकं धरून बसलेलं मूल आणि खाली गोळी. बोलायला उठल्यावर त्यांनी आधी तो पडदा उलटा करून टांगला. पांढऱ्या पडद्यापुढे उभं राहून म्हणाल्या, "पूर्वी आपण मुलांच्या दुखण्याला नावच देत नव्हतो. कितीतरी पोरं तशीच बुडाली. म्हणून आज बाक भरलाय याचं मला वाईट वाटत नाही. पण भरला म्हणून घाईघाईने नावं वाटत सुटू नका. आणि मला माझ्या थांबण्याचा फार गर्व होता, तोही तुम्ही करू नका. मी थांबायचे, पण बघायचे त्याच्याकडे, जो ओरडत होता. थांबायचं ते बघण्यासाठी. नुसतं थांबणं म्हणजे उशीर." एवढं बोलून त्या बसल्या. एका तरुण डॉक्टरने मला हळूच विचारलं, "संपलं?" मी म्हटलं, "समोसे आहेत अजून." असं असतं. मोठं काही घडतं तेव्हा माझ्या हातात नेहमी ताटली असते.

सायली बारावीत असताना आत्यांनी दवाखाना बंद केला. कर्करोग मणक्यात उतरला होता. मी आणि सायली भेटायला गेलो. मी सवयीने टॉनिकच्या दोन बाटल्या नेल्या होत्या. त्या कुशीवर झोपल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून, आणि बारीक झाल्या होत्या.

"कोण, मेंदूवाले? तुकडा सापडला का?"

"नाही."

"माझ्या आजाराला नाव लगेच मिळालं हो. डॉक्टर तरुण आहे, हुशार आहे. पण कानात नाही सांगितलं. फायलीला सांगितलं." जरा दम खाऊन म्हणाल्या, "सायली आल्ये का? पाठ समोरच आहे बघ आज. वाकायला नको."

साडीवरूनही पाठीचे मणके मोजता येत होते. सायली खाटेजवळ गेली. हात पुढे नेला. हात वीतभरावरून चार बोटांवर आला, तिथे अडला, आणि तिथेच राहिला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात पुढे जाईना.

आत्यांना ती मागे उभी आहे हे न बघता कळत होतं. "घाई नाही गो," त्या म्हणाल्या. "थांबूया."

त्या आठवड्याभरातच गेल्या.

बाक हलवून पुढच्या खोलीत त्यांना ठेवलं होतं. ओळखीचे आई-बाप होते, मोठी झालेली पोरं होती. राजिवड्यावरून तो कॅसेटवाला मुलगा आला होता, त्याला मिशी फुटली होती. बायका एकेक करून पायांना हात लावून मागे सरत होत्या. सायलीची पाळी आली. ती पायांशी गेली नाही. खांद्याशी गेली, गुडघ्यांवर बसली, आणि उघडा हात त्यांच्या खांद्याखालून आत, पाठीखाली सरकवला. रुमाल नाही, पदर नाही. तशी ती बसून राहिली. मागे बायका ताटकळल्या. कुणीतरी म्हणालं, "उठ बाळ." शांताराम दारातून म्हणाला, "ऱ्हावंद्या तिला."

घरी आलो. मयतावरून आलेल्या माणसाने उंबऱ्याबाहेर हातपाय धुवावेत, मग आंघोळीला जावं, ही आपली रीत. बायकोने बादली आणि तांब्या पायरीशी आणून ठेवला होता. मी धुतले, ओंकारने धुतले. सायली पायरीखाली उभीच.

"अगो सायले, मयतावरून आल्येस. धू ना."

"पाय धुते," सायली म्हणाली. "हात नको. आज नको."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी तांब्या भरून घेतला आणि मुलीच्या पायांवर पाणी घालू लागलो. दोन्ही हात तिने पाण्यापासून लांब, छातीशी धरले होते, अंगडं-टोपडं घातलेलं मूल धरावं तसे. काहीतरी बोलायला म्हणून मी तोंड उघडलं.

मग थांबलो.